भुपेंद्रची बाजू

भुपेंद्रचं वाटोळं व्हावं, असं मला पाच वर्षं मनापासून वाटत होतं. ते मी लपवलंही नाही. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, देवापुढे हात जोडून देवालाही सांगितलं. लोक म्हणायचे, नूतन, सोडून दे. सोडून द्यायला तो माझ्या पायातला काटा नव्हता. त्यानं माझ्या बापाला चोर केलं होतं.

मी गोंदियाच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक आहे. गावोगावचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्या पाठवतात, त्या तपासायच्या आणि पानात लावायच्या, हे माझं काम. कुणी वारल्याचं कळवलं तरी मी आधी त्या घरी फोन करते. एका वार्ताहरानं वैतागून विचारलं होतं, "मॅडम, वारलेल्याशीच बोलायचं आहे का तुम्हाला?" ऑफिसात सगळे खो खो हसले. हसू देत. ही खोड मला भुपेंद्रनं लावली आहे.

आमचं गाव गोंदियापासून तासाभरावर. आम्ही कोहळी, तळी बांधणं आणि तळ्याचं पाणी राखणं हे आमच्या घरात पणज्यापासून चालत आलेलं. तळ्यातून धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्याला एकाखाली एक अशी तीन भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या बसवलेला. आधी वरचा दट्ट्या काढायचा. पाणी त्याच्याखाली उतरलं की मधला. खालचा सगळ्यात शेवटी. हंगामाचं पहिलं पाणी सोडताना वरच्या दट्ट्याला हात लावायचा मान आमच्या घराचा. नारळ फोडून बाबा, म्हणजे दुधराम, पाण्यात उतरायचे आणि सगळं गाव पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभं राहून बघायचं.

खालचा दट्ट्या आधी काढला तर तळं भसाभसा रिकामं होतं आणि वरच्या बांध्या कोरड्या राहतात. गावात त्याच्याइतकं मोठं पाप नाही. फक्त एका वेळी तो आधी काढायचा असतो: पाळ पाझरायला लागली, फुटेल अशी भीती वाटली, तर. तेव्हा गावाला गोळा करत बसायला वेळ नसतो.

पाच वर्षांपूर्वी सप्टेंबरात, तीन दिवसांच्या झडीच्या पावसानंतर, पहाटे बाबांना पाळीच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं. ते एकटेच उतरले आणि त्यांनी खालचा दट्ट्या काढला. त्याच वेळी भुपेंद्र रस्त्यानं कुठल्याशा पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला निघाला होता. त्याचं तेव्हा नुकतंच न्यूज पोर्टल सुरू झालं होतं. पाळीवर गाडी थांबवून त्यानं मोबाइलवर फोटो काढला: कमरेइतक्या पाण्यात बाबा, हातात लोखंडी सब्बल, आणि तुडुमातून फुसांडत जाणारं पाणी. दहा मिनिटांत बातमी पोर्टलवर. "पाणीचोर रंगेहाथ सापडला?" पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, उद्या अंगावर आलं तर पळायला वाट असावी म्हणून. पाण्यातल्या माणसाला त्यानं एक हाक मारली नाही. "काका, काय करून राहिले?" एवढं विचारायला काय लागतं? चार शब्द लागतात.

गाव उठलं ते पाळीकडे बघून नाही, फोनकडे बघून. लोक तळ्यावर पोहोचेपर्यंत पाणी उतरलं होतं आणि पाझर थांबला होता. बाबांनी पाळ वाचवली आणि त्यापायीच त्यांचा पुरावा वाहून गेला. त्या वर्षी वरच्या बांध्यांचा धान पोचट निघाला. पुढच्या हंगामात पहिल्या पाण्याचा मान दुसऱ्या घरी गेला. बाबांना कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायला ते उठले की पोरं फिदीफिदी हसायची. बाबांनी पाळीवरून जाणं बंद केलं. शेतात जायला ते मैलभराचा वळसा घ्यायचे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. भुपेंद्रला मी फोन केला. "एकदा विचारायचं तरी होतं," मी म्हटलं. तो म्हणाला, "बेटा, न्यूज में टाइम नहीं रहता. खुलासा पाठवून दे, बघू." मी रात्रभर बसून खुलासा लिहिला, बाबांची सही घेतली, पाठवला. निळ्या खुणा आल्या. खुलासा पोर्टलवर आला नाही. बातमी आजही तिथंच आहे.

आता गेल्या ऑक्टोबरात काय झालं ते सांगते.

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली होती. भुपेंद्र एका प्रभागातून तिकीट मागत होता. सोमवारी यादी लागायची होती. गुरुवारी सकाळी मला ओमेशचा मेसेज आला. ओमेश त्याच प्रभागातला दुसरा इच्छुक. सोबत अकरा सेकंदांचा व्हिडिओ. शहराला लागून असलेल्या कुडव्यातल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातला. रस्त्यावर एक म्हातारी पडलेली, पांढरी गाडी तिच्यापाशी उभी, गाडीच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत प्रेस, मग गाडी झटक्यात निघते आणि व्हिडिओ संपतो. खाली ओमेशनं लिहिलं होतं, "म्हातारीले उडवून पळाला तुमचा निर्भीड पत्रकार. छापा."

गाडीचा नंबर स्पष्ट होता. गाडी भुपेंद्रचीच होती.

खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की चहा हातात गार झाला तरी समजलं नाही. व्हिडिओ मी वीस वेळा पाहिला. मथळासुद्धा मनात जुळवून टाकला. आणि त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, अगदी त्याच्यासारखं. दुपारी दोनला शहर पान छपाईला सुटायचं होतं. संपादक म्हणाले, "नूतन, तुझी खात्री असेल तर लाव."

माझी खात्री होती की तो नीच माणूस आहे. त्यानं म्हातारीला उडवलं याची खात्री नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याला पुरतं गाडायचं तर खड्डा पक्का खणायला हवा, असं म्हणून मी स्कूटी काढली.

कुडव्यातलं ते दुकान टायर पंक्चरचं होतं. मालकानं पूर्ण चित्रण दाखवलं. ओमेशच्या माणसानं मधला भाग गाळून हवा तेवढाच तुकडा कापून नेला होता. पूर्ण चित्रणात म्हातारी गाडीआड झाकली जाते, दोन मिनिटांनी गाडी निघून जाते आणि रस्ता मोकळा दिसतो. एकदम मोकळा. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. उडवून पळाला असता तर म्हातारी रस्त्यावर असायला हवी होती. मग ती गेली कुठे?

"मागं पहा," दुकानदार म्हणाला. त्यानं चित्रण आणखी चार मिनिटं मागं नेलं. एक उधळलेला गोऱ्हा येतो, म्हातारीला शिंग लावून जातो, ती आडवी पडते. दोन मोटारसायकली बाजूनं निघून जातात. नंतर ती पांढरी गाडी येते.

म्हातारी जवळच्या मुर्री गावची, हे दुकानदाराला ठाऊक होतं. सुशिलाबाई तिचं नाव. ती अंगणात खाटेवर बसली होती, उजव्या हाताला प्लास्टर. मी विचारलं तशी ती सांगायला लागली, "त्या गाडीवाल्या दादानं मले उचलून गाडीत टाकलं वो माय. दवाखान्यात नेलं. माहं मोठं पोरगं येईपर्यंत बसून होता. नाव सांगतलं नाई त्यानं." तिच्याजवळ दवाखान्याची चिठ्ठी होती. आणणाऱ्याच्या रकान्यात भुपेंद्रचं नाव, फोन नंबर. तारीख, वेळ, सगळं जुळत होतं.

मला त्या म्हातारीचा राग आला. खरंच आला. पाच वर्षं ज्याच्या वाईटावर टपून होते, त्यानं जन्मात एक चांगलं काम केलं आणि ते नेमकं माझ्याच हाती पुराव्यासकट यावं! मी स्कूटीवर बसले आणि रस्त्याच्या कडेला थांबून रडले. दुःखानं नाही, चिडून.

मग मी भुपेंद्रला फोन लावला.

"भुपेंद्रभाऊ, तुमच्या गाडीनं कुडव्यात एका बाईला उडवल्याचा व्हिडिओ आमच्याकडे आला आहे. तुमची बाजू हवी."

तो किंचाळलाच. "अरे, मैंने तो उसको हॉस्पिटल पहुंचाया! मॅडम, त्या बाईला विचारा. मुर्रीची आहे. एकदा विचारा तरी!"

"तपास चालू आहे," मी म्हटलं.

"छापणार आहात का?"

"जे खरं असेल ते छापू. तुम्ही खुलासा पाठवून द्या. बघू."

मी खोटं बोलले नाही. सांगितलं मात्र काही नाही. संपादकांना म्हटलं, व्हिडिओ कापलेला आहे, आज लावायचा नाही. ओमेशला तेच कळवलं आणि बजावलं की हा तुकडा कुठेही फिरला तर पूर्ण चित्रण मी त्याच्या नावासकट छापीन. तो गप्प बसला. म्हणजे त्या क्षणी भुपेंद्रला कुणाकडूनच धोका उरला नव्हता, आणि ते फक्त त्यालाच माहीत नव्हतं. त्यानं संध्याकाळपर्यंत मला सतरा फोन केले. प्रत्येक वेळी फोन वाजला की मला बरं वाटायचं.

शुक्रवारी तो ऑफिसात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. पाच वर्षांपूर्वीचा आमचा खुलासा, बाबांच्या सहीचा.

त्यानं वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण दुधराम?"

तो नाटक करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. मी पाच वर्षं ज्याला शिव्या दिल्याशिवाय जेवले नाही, त्याच्या लेखी आम्ही त्या दिवशीच्या चाळीस पोस्टांपैकी एक होतो. मी त्याच्याच पोर्टलवरची बातमी काढून दाखवली. "अच्छा, वो तालाबवाला," तो म्हणाला. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले.

"रविवारी गावात ग्रामसभा आहे," मी म्हटलं. "तिथं येऊन हा खुलासा सगळ्यांसमोर वाचायचा. माफी मागायची. पोर्टलवरही लावायचा."

"आणि व्हिडिओ?"

"व्हिडिओचं जे खरं असेल तेच मी छापीन."

तो कबूल झाला. जिन्यावरून उतरताना त्याचा पाय घसरला, ते पाहूनही मला बरं वाटलं.

शनिवारी मी गावी गेले. वाटेत एक गोष्ट मनात टोचायला लागली. त्याला मी सगळ्यांसमोर उभं करणार होते, ते बाबांच्या शब्दावर. बाबांचा शब्द मी स्वतः कधी तपासला होता? कधीच नाही. बाप म्हणाला, मी मानलं. हीच बातमी दुसऱ्या कुणाच्या बापाची आली असती तर मी दोन साक्षीदार मागितले असते. आणि बाबा खोटं बोलले असतील तर? हा विचार मनात आला तेव्हा घरी न जाता मी थेट पाळीच्या खालच्या बांध्यांकडे गेले.

पाळीला लागून पहिली बांधी शांतीबाईची. ती धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या वरंब्यावर, गवत कापत होती. मी विचारलं, त्या पहाटे तिच्या बांधीत काही दिसलं होतं का.

"दिसलं नाई त काय," ती म्हणाली. "गेरूसारखं लाल पानी. पाळीतून येऊन राहिलं होतं. माहा धुरा फुटला त्या दिवशी. तुह्या बापानं दट्ट्या नसता काढला त माहं घरच गेलं असतं."

"मग बोलली काऊन नाहीस, मावशी? पाच वर्षं?"

"मले कोनी इचारलंच नाई," ती विळा थांबवून म्हणाली. "तुनं तरी इचारलं का?"

पाच वर्षं मी भुपेंद्रला शाप देत होते आणि हाकेच्या अंतरावर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. शांतीबाईला मी उद्या ग्रामसभेत यायला सांगितलं आणि घरी गेले.

रविवारी ग्रामपंचायतीपुढे शंभरेक माणसं होती. बाबा यायला तयार नव्हते, आईनं हाताला धरून आणलं. ते सगळ्यात मागे खांबाला टेकून बसले. भुपेंद्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं खुलासा वाचला. सुरुवातीला "अनवधानानं", "गैरसमजातून" असले बुळबुळीत शब्द घातले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही माझ्या वडिलांना विचारलं होतं का? हो की नाही?"

"नाही," तो म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला?"

"नाही."

"का?"

तो हातातल्या कागदाची घडी घालायला लागला. मग शांतीबाई उठली आणि तिनं लाल पाण्याचं सांगितलं. लोकांत कुजबूज सुरू झाली. ज्या घरी पहिल्या पाण्याचा मान गेला होता, त्या घरचा चैतराम उठून बाबांकडे गेला आणि म्हणाला, "दुधरामभाऊ, यंदा तुमीच." बाबांनी होकाराची मान हलवली. एवढं बघायला मी पाच वर्षं थांबले होते, आणि मला वाटलं होतं की एवढ्यानं माझं पोट भरेल. पण भरलं नाही.

कारण भुपेंद्रनं जवळ येऊन हळूच विचारलं, "झालं ना मॅडम? तो व्हिडिओ डिलीट करा आता." मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "व्हिडिओ खोटा आहे, भुपेंद्रभाऊ. तुम्ही बाईला दवाखान्यात नेलंत. मला गुरुवारी दुपारीच कळलं होतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "गुरुवारी? मैं तीन दिन से सोया नहीं! माझी बायको रडून राहिली तीन दिवस!"

"हो," मी म्हटलं. "असंच होतं घरात."

हा क्षण मला फार गोड लागला. आजही लागतो. जे वाटलं ते वाटलं.

पण मागून बाबा उठले. काठी नव्हती, खांबाला धरून उठले. "पोरी, हा मानूस त्या बाईले दवाखान्यात घेऊन गेला, हे खरं आहे का?"

"हो, बाबा."

"तुनं पक्कं केलं?"

"चिठ्ठी पाहिली. बाईशी बोलले. पूर्ण चित्रण आहे माझ्याकडे."

"मंग छापलं काऊन नाई?"

याची चांगली बातमी मी माझ्या हातानं छापू? सोमवारी तिकिटांची यादी, आणि आदल्या दिवशी मी याची आरती ओवाळू? "बाबा, त्यानं तुमचं..." मी बोलायला लागले.

"त्यानं इचारलं नाई, म्हनून तो चुकला. तुले माहीत होतं, तरी कोंडून ठेवून राहिली. मले हे काई बरं नाई वाटत." एवढं बोलून बाबा परत बसले. गावासमोर मला असं ते कधी बोलले नव्हते. माझे कान तापले. भुपेंद्रपेक्षा त्या वेळी मला बाबांचाच जास्त राग आला, आणि ते बरोबर बोलत होते हे कळत असल्यानं तो आणखी वाढला.

त्याच संध्याकाळी गोंदियाला येऊन मी बातमी लिहिली, माझ्या नावानं. प्रश्नचिन्ह नाही. गोऱ्ह्यानं पाडलेल्या वृद्धेला पत्रकारानं दवाखान्यात पोहोचवलं, हे पहिल्या परिच्छेदात. सुशिलाबाईचं म्हणणं, दवाखान्याची नोंद, कॅमेऱ्यातली वेळ, कापलेला व्हिडिओ कुणी पाठवला ते, आणि ओमेशला फोन करून घेतलेली त्याची बाजूसुद्धा. आणि शेवटचा परिच्छेद असा: याच पत्रकारानं पाच वर्षांपूर्वी दुधराम कापगते यांना पाणीचोर ठरवणारी बातमी कुणालाही न विचारता प्रसिद्ध केली होती, पाळ वाचवण्यासाठी त्यांनी पाणी सोडल्याचं प्रत्यक्षदर्शी शांतीबाई यांनी सांगितलं, आपण चौकशी केली नव्हती, अशी कबुली त्यांनी रविवारी ग्रामसभेत शंभर लोकांसमोर दिली. त्याच्याखाली आणखी एक ओळ: दुधराम कापगते हे या बातमीच्या लेखिकेचे वडील आहेत. ती ओळ लपवली असती तर मी त्याच्याच पंगतीला बसले असते.

संपादकांनी दोनदा वाचली. "यात काढण्यासारखं काही नाही," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेसातला भुपेंद्रचा फोन आला. पक्षाच्या कार्यालयात सगळ्यांच्या हातात पेपर होता. वरचा भाग वाचून कुणी त्याची पाठ थोपटली नव्हती. शेवटचाच परिच्छेद एकमेकांना वाचून दाखवत होते.

"मॅडम, तो शेवटचा पॅराग्राफ. ऑनलाइनमधून तरी काढा. यादी अकराला लागणार आहे."

"चूक असेल तर काढते," मी म्हटलं. "वाचा आणि सांगा, कुठला शब्द खोटा आहे."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. तो पुटपुटत वाचायला लागला. नाव, वर्ष, तळं, शांतीबाई, शंभर लोक. एक ओळ संपली की थांबायचा, परत मागे जायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो एक बातमी तपासत होता. मी खुर्ची ओढून बसले. मला काही घाई नव्हती.